गार धातूचा आकडा

वेल्डा उनरूच्या शिक्क्याचा नंबर एक्केचाळीस. करंगळीच्या नखाएवढा रबरी गोल, मध्ये दोन आकडे, बस. पण न्यूटन गावाबाहेरच्या हॅगस्ट्रॉम कारखान्यात सव्वीस वर्षं त्या गोलाला जो मान होता, तो मालकाच्या सहीलाही नव्हता. माल दारापर्यंत आला आणि त्यावर एक्केचाळीस दिसला नाही, तर ट्रकवाला आपणहून खोकी उतरवून परत आत आणायचा. "तिच्या तोंडी कोण लागणार?" म्हणायचा.

खरं तर वेल्डाच्या तोंडी लागायची सोयच नव्हती, कारण ती भांडत नसे. नुसती बघत उभी राही. उंच, हाडापेराने रुंद बाई, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. दोन मिनिटं तिने असं बघितलं की समोरचा काय चुकलं ते स्वतःच सांगून मोकळा होई. हे तिच्या घरातून आलं होतं. गोएसलजवळच्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथातल्या शेतकऱ्यांची ती मुलगी. ही माणसं कोर्टातसुद्धा शपथ घेत नाहीत. शपथ घेतली म्हणजे एरवी आपण खोटं बोलतो असं कबूलच केलं, असं त्यांचं म्हणणं. हो म्हणजे हो, नाही म्हणजे नाही. लढाईच्या सामानालाही ती हात लावत नाहीत, म्हणून शेजारच्या विचिटातले मोठे विमान कारखाने चांगल्या नोकऱ्या देत असताना वेल्डाने हॅगस्ट्रॉमचं दार धरलं. इथे शेतावर औषध फवारणाऱ्या जुन्या विमानांचे सुटे भाग बनतात. ती विमानं बनवणारे कधीच दुकान बंद करून गेले, विमानं मात्र अजून उडताहेत.

पोरं शाळेत जायला लागल्यावर, अठ्ठाविसाव्या वर्षी ती कामाला लागली. सात वर्षं तिने भागांच्या धारा घासल्या. मग थोरल्या हॅगस्ट्रॉमने तिच्या हातात शिक्का ठेवला आणि म्हणाला, "उनरूबाई, आता विमान पडलं तर तुमच्यामुळे." तो विनोद होता. वेल्डा हसली नव्हती.

तिच्या हातून जो भाग जाई त्याला कारखान्यात 'कान' म्हणत. विमानाचा पंख धडाला जिथे जोडतात तिथला तळहाताएवढा, जाडजूड ॲल्युमिनियमचा तुकडा. त्याला एक भोक, आणि भोकात पोलादी बुश, म्हणजे आखूड नळकांडं, दाबून बसवलेलं. ॲल्युमिनियम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चेपलेली पातेली येतात. हा प्रकार निराळा. जस्त आणि मॅग्नेशियम घालून भट्टीत मुरवला की तो साध्या पोलादाला भारी पडतो. पण जितका बळकट तितका हळवा, आणि त्याला सोसत नाही ती साधी दमट हवा. हवेतल्या पाण्यातला ऑक्सिजन धातू स्वतःकडे ओढतो, उरलेला हायड्रोजन धातूच्या पोटात शिरतो, कणाकणांमधल्या सांध्यांत जाऊन बसतो आणि जिथे ताण असेल तिथला सांधा आतून उकलायला लागतो. वरून काही दिसत नाही. गंज नाही, पोचा नाही, रंग जसाच्या तसा. बुश भोकात घट्ट दाबलेलं, म्हणजे कानावर ताण आठही प्रहर, विमान शेडमध्ये झोपलेलं असलं तरी.

यावर तोडगा एकच. धातू भट्टीत आणखी मुरवायचा. थोडी ताकद जाते, पण ओल सोसायची अक्कल येते. धातू पुरता मुरला की त्यातून वीज जास्त सहज वाहते, म्हणून वेल्डा जाड पेनासारखं एक यंत्र कानाला टेकवी आणि आकडा बघे. अडतीस किंवा वर आला तर शिक्का. खाली आला तर परत भट्टीत. काम एवढंच. मेख एकच होती. धातू गार असला तरीही वीज जास्त सहज वाहते आणि आकडा फुगतो. अर्धवट मुरलेला तुकडा थंडीत पास होऊन जातो. म्हणून माल दोन-तीन तास टेबलावर ठेवायचा, खोलीइतका उबदार होऊ द्यायचा, मग यंत्र टेकवायचं. कागदावर त्यासाठी एक खाना होता, 'मालाचं तापमान'. मालाला थर्मामीटर लावून त्यात फॅरनहाइटमधला आकडा लिहायचा. खोलीइतका उबदार झालेला माल सत्तरच्या आसपास येई.

गेल्या सप्टेंबरातल्या एका मंगळवारी लायल हॅगस्ट्रॉम, थोरल्या हॅगस्ट्रॉमचा मुलगा आणि आताचा मालक, तिच्या टेबलाशी आला आणि फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू तिच्यापुढे ठेवली.

"लुइझियानाहून आलाय."

फडक्यात कान होता. भोकापासून कडेपर्यंत केसाएवढी रेघ गेली होती. रेघेच्या बाजूलाच फिकट निळ्या शाईत एक्केचाळीस.

"विमान धुताना मेकॅनिकचं नख अडकलं म्हणे," लायल म्हणाला. "नाहीतर कळलंही नसतं. भातावर फवारतं ते विमान. आणखी चार फेऱ्या झाल्या असत्या, तर पंख एकीकडे आणि पायलट एकीकडे."

वेल्डाने यंत्र टेकवलं. छत्तीस पूर्णांक नऊ. पुन्हा टेकवलं. सदतीस. मग तिने खणातला नमुन्याचा ठोकळा काढून यंत्रच तपासलं. यंत्र ठीक होतं.

"मुरलेलाच नाही हा, लायल."

"पण कागद काय म्हणतो बघ." त्याने फाइल आणली होती. "दोन वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. अठ्ठेचाळीस कान. आकडा अडतीस पूर्णांक सहा, मालाचं तापमान सत्तर, शिक्का तुझा. आपला कागद आरशासारखा स्वच्छ आहे. तिकडच्या मेकॅनिकनेच बुश वाजवीपेक्षा जास्त ठोकलं, दुसरं काय? आकडा दोन वर्षांत खाली आला असेल."

"आकडा असा खाली येत नाही."

"ते तुला माहीत, मला माहीत," लायल हळूच म्हणाला. "शुक्रवारपर्यंत वकील एक निवेदन लिहून देतोय. तू सही कर. तुझी सही म्हटल्यावर पुढे कोणी विचारणार नाही."

तो गेल्यावर वेल्डा फाइल घेऊन बसली. तारीख बघितली मात्र, तिला ती सकाळ सगळी आठवली.

आदल्या दिवशी बर्फाचं वादळ झालं होतं. कारखान्याची वीज तासभर गेली होती. भट्टीवाल्याने तो तास नंतर भरून काढला, पण भट्टी पुन्हा तापायला जो वेळ लागला तोही त्याने मुरवण्यातच मोजला. अशा चुका होतात, म्हणूनच वेल्डा आणि तिचं यंत्र तिथे होतं. भट्टीतून निघालेली खोकी अंगणापलीकडच्या तपासणीच्या इमारतीत आणायची होती, पण दार गोठून बसलं होतं. खोकी रात्रभर ट्रकमध्येच राहिली. सकाळी आठला ती वेल्डाच्या टेबलावर आली तेव्हा बाहेरचं पाणी दगड झालं होतं.

आणि दहा वाजता वेल्डाला चर्चमध्ये पोचायचं होतं. गरजूंच्या मदतीसाठी एप्रिलात भरणाऱ्या विक्रीसाठी दर वर्षी चर्चच्या बायका फेब्रुवारीतच तीन हजार वेरेनिके करून गोठवून ठेवतात. वेरेनिके म्हणजे छेन्याचं सारण भरलेल्या, पाण्यात उकडायच्या करंज्या. त्यांचं पीठ मळावं तर वेल्डानेच. तिच्यासारखी पारी कोणाची लाटली जात नाही, हे चर्चमधल्या जुन्या खाष्ट बायकाही मान्य करत. तिने तीन तासांची सुट्टी सांगून ठेवली होती. ट्रकवाला दारात उभा होता.

कानांवर पांढरी बुरशी आल्यासारखं हिव साचलं होतं. ते तिने एप्रनने पुसलं. यंत्र टेकवलं. अडतीस सहा, अडतीस सात, अडतीस सहा. सगळे पास. तापमानाच्या खान्यात तिने सत्तर लिहिलं. लिहिलं म्हणजे काय, हाताने आपोआप घातलं, जसं आपण कागदावर आपल्या गावाचं नाव घालतो. अठ्ठेचाळीस शिक्के मारले आणि पावणेदहाला गाडी काढली. त्या वर्षी वेरेनिके फार छान झाले होते.

फाइल आली त्या मंगळवारी संध्याकाळी डेलमरने, तिच्या नवऱ्याने, सूपचा पहिला चमचा तोंडात घातला आणि चमचा खाली ठेवला. धान्याच्या कोठारावर चाळीस वर्षं काढलेला हा माणूस. कान अर्धे गेले होते, जीभ शाबूत होती.

"काय झालंय?"

"कुठे काय?"

"काही झालं नाही म्हणणाऱ्या बाईने सूपमध्ये मीठ तीनदा घातलंय."

"दोनदा," वेल्डा म्हणाली आणि उठून भांडी घासायला लागली.

बुधवारी ती बोलली नाही. गुरुवारी दिवसभरही बोलली नाही. मला या बाईबद्दल आदर आहे, पण हे दोन दिवस मी तिच्या पदरात माफ म्हणून घालणार नाही, आणि तीही घालून घेणार नाही. सप्टेंबर म्हणजे दक्षिणेत कापसाची पानं गाळायचं औषध मारायचा हंगाम. विमानं उजाडल्यापासून वर असतात. उरलेले सत्तेचाळीस कान त्या दमट हवेत, दर वळणाला पंखाचा भार झेलत फिरत होते, आणि ते ज्या एकाच माणसाला ठाऊक होतं ती न्यूटनमध्ये बसून गप्प होती. कारखान्यात चाळीस माणसं. तिच्या धाकट्या मुलीचा नवरा त्यांतलाच एक. शिवाय, हे तिने स्वतःशी सर्वांत शेवटी कबूल केलं, तिला आपलं नाव जाईल याची भीती वाटत होती. वेल्डा उनरू खोटं लिहिते. चर्चमध्ये कोणी तोंडावर बोललं नसतं. नुसतं बघितलं असतं.

गुरुवारी संध्याकाळी ओसरीवर तिने डेलमरला सगळं सांगितलं. त्याला ऐकू यावं म्हणून मोठ्याने सांगावं लागलं. अशी गोष्ट ओरडून सांगायची म्हणजे काय ते तिलाच माहीत.

डेलमरने खुर्ची तिच्याकडे वळवली. मग म्हणाला, "हे तुला कधी कळलं?"

"मंगळवारी."

"आज गुरुवार."

"हो."

"मंगळवारी, वेल्डा?"

एवढंच. चाळीस वर्षांच्या संसारात त्याने तिला कधी शिवी दिली नव्हती, आणि त्या रात्री तिला वाटलं, शिवी परवडली असती.

शुक्रवारी सकाळी लायलच्या खोलीत टेबलावर निवेदन तयार होतं. वकिलाने छापलं होतं, 'मी शपथपूर्वक सांगते'. लायलने स्वतः पेनने 'शपथपूर्वक' खोडून वर 'निश्चयपूर्वक' लिहिलं होतं. वकिलाला त्यांच्या रीतीची माहिती नव्हती, लायलला होती. वेल्डाला अडचण होऊ नये म्हणून त्याने एवढं केलं होतं. त्या खोडलेल्या शब्दाकडे बघून तिला रडू फुटायचं बाकी राहिलं.

"लायल, ते सत्तर खोटं आहे."

"कुठलं सत्तर?"

"तापमान. माल बर्फासारखा गार होता. मी त्यावरचं हिव पुसलं आणि सत्तर लिहिलं. मला घाई होती."

लायलने दार लावून घेतलं. "कसली घाई?"

"वेरेनिकेची."

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग खुर्चीत बसला आणि दोन्ही हातांनी तोंड चोळलं. "वेल्डा, अगं, झाकली मूठ सव्वा लाखाची असते. हा एक कान त्यांनी बदलून घेतलाय. कोणी मेलं नाही. मी उरलेल्यांना काहीतरी निमित्त काढून हळूहळू नवे कान पाठवतो. वर्षभरात सगळे बदलतील. कोणाला काही कळायचं कारण नाही."

"वर्षभर ते उडणार."

"दोन वर्षं उडलेच ना!"

"म्हणूनच म्हणते. दोन वर्षं ओल पिताहेत ते."

लायल उठून खिडकीशी गेला. बाहेर ट्रकवाला खोकी चढवत होता. "बरं," तो शेवटी म्हणाला. "सांगू. अठ्ठेचाळीस कान, एक सकाळ, बर्फाचं वादळ, माणसाच्या हातून चूक. कारखाना तगेल एवढ्यावर. दंड होईल, परवाना महिना-दोन महिने अडकेल, पण तगेल." तो वळला. "एकच सकाळ ना, वेल्डा?"

ती हो म्हणायलाच आली होती. हो ओठांवर होतं. तीन दिवस ती त्याच एका सकाळीशी झगडत होती, तीच पोटातून काढून टाकायला आली होती. पण लायलने विचारलं आणि तिला तो खाना दिसला. त्या दिवसाचा नाही, सगळ्याच दिवसांचा. सत्तर, सत्तर, सत्तर. कुठल्याच पानावर एकोणसत्तर नाही, बहात्तर नाही. जानेवारीत सत्तर, जुलैत सत्तर. तिने मालाला थर्मामीटर लावलेला शेवटचा दिवस कुठला? बहुतेक दिवशी माल टेबलावर रात्रभर असे, ते खरं होतं. पण बहुतेक म्हणजे किती?

"वेल्डा?"

"सांगता येत नाही."

"म्हणजे काय?"

"म्हणजे मला आठवत नाही, लायल. ही सकाळ आठवते कारण त्या दिवशी पीठ मळायचं होतं. बाकीच्या दिवशी लक्षात राहण्यासारखं काही नव्हतं. मी सत्तर लिहीत आले."

"किती हिवाळे?"

"सव्वीस."

लायल ओरडला नाही. तो बापाचा मुलगा होता. त्याने निवेदनाचा कागद उचलला, घडी केली, पुन्हा उलगडला आणि म्हणाला, "तू मला एक सकाळ देऊ शकली असतीस."

"देऊ शकले असते," वेल्डा म्हणाली. तिने एप्रनच्या खिशातून शिक्का काढून टेबलावर ठेवला. त्याने तो घेतलाही नाही आणि परतही दिला नाही.

दुपारपर्यंत दोघांनी जुन्या कागदांच्या पेट्या खाली काढल्या. डिसेंबर ते फेब्रुवारीत एक्केचाळीसच्या शिक्क्याने गेलेला सगळा माल. सहाशेअकरा कान, एकशेनव्वद मालक. वकील फोनवर सांगत होता की पत्रं नीट शब्दांत काढावी लागतील, आठवडा लागेल, तोवर कोणीही कोणाशी अक्षर बोलू नये. लायलने त्याचं सगळं ऐकून घेतलं, बरं म्हणाला आणि फोन ठेवला. मग यादी मधोमध फाडली आणि अर्धी वेल्डापुढे सरकवली.

"सरकारी खात्याला मी कळवतो. दक्षिण तू घे. तिथे ओल जास्त."

पहिले सहा फोन सरळ गेले. माणसं चिडली, एकाने तिला यथेच्छ शिव्या घातल्या, पण सहाही विमानं जमिनीवर होती आणि जमिनीवरच राहणार होती. सातवा फोन आर्कान्साचा. मॅव्हिस टॅकेट नावाच्या बाईने उचलला.

"मी न्यूटनहून बोलतेय, हॅगस्ट्रॉम कारखान्यातून. तुमच्या विमानाच्या पंखांचे कान आमच्याकडचे आहेत. ते कदाचित सदोष आहेत. आज ते विमान उडवू नका."

"उडवू नका काय? वरच आहे ते."

"कोण आहे विमानात?"

"माझी लेक. रेने. पलीकडच्या कापसावर गेलीय, अर्धा तास झाला." बाईचा आवाज बदलला. "सदोष म्हणजे काय? काय होतं?"

"रेडिओ आहे?"

"आहे, इथेच."

"तिला सांगा, फवारणी सोडून दे. सरळ घरी ये. वळायचंच झालं तर मोठं, अलगद वळण घे. झोक देऊन वळू नको म्हणावं."

फोन टेबलावर आपटल्याचा आवाज झाला. मग लांबून, रेडिओच्या खरखरीतून, बाईचा आवाज वेल्डाला ऐकू येत राहिला. "रेने, पुढचा पट्टा घेऊ नको. मी सांगते म्हणून. नाही, आत्ता. अगं, हुज्जत घालू नको! सरळ ये. हळू वळ, बाळा, हळू." नंतर काही ऐकू येईना. मग पावलं आली आणि बाईने फोन पुन्हा उचलला.

"तुम्ही आहात?"

"आहे. ती उतरेपर्यंत मी आहे."

"अकरा मिनिटं लागतील."

अकरा मिनिटं दोघीही फोन धरून बसल्या. तिकडे एक पंखा फिरत होता, त्याचा आवाज येत होता. एकदा मॅव्हिसने विचारलं, "तुम्ही कोण तिथल्या? ऑफिसातल्या?"

"नाही. तो कान पास केला ती मी."

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. वेल्डाने डोळे मिटून घेतले. प्रार्थना तिला सुचेना. सुचला तो सगळा धातूच. भोकाच्या कडेचे सांधे, त्यांत बसलेला हायड्रोजन, आणि मोठ्या वळणावर पंखाने कानाला दिलेला एकेक झोका. मग फोनमधून आधी बारीक, मग वाढत गेलेली घरघर आली. चाकं जमिनीला लागली तशी दार आपटलं, बाई धावत बाहेर गेली. फोन चालूच राहिला. वेल्डा कानाला लावून बसून राहिली.

बऱ्याच वेळाने मॅव्हिस परत आली. तिला दम लागला होता.

"उतरली." मग थोडं थांबून, "तुमचं नाव?"

"वेल्डा उनरू."

"नऊ वर्षं ती त्या विमानात बसतेय, वेल्डा उनरू. मी तुमचे आभार मानणार नाही."

"नका मानू," वेल्डा म्हणाली.

फोन बंद झाला. पलीकडच्या टेबलावर लायल कोणालातरी तेच सांगत होता. वेल्डाने टॅकेटच्या नावापुढे रेघ मारली. मग तिने आठवा नंबर लावला.